बिघाडाचे कारण

आईशी बोलायचं असेल तर मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसते. खराडीच्या आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना हे माहीत नसतं. ते उजवीकडून बोलत राहतात, आई मान डोलावत राहते आणि ते गेल्यावर मला विचारते, "काय म्हणत होते गं ते?" माझीही आता पन्नाशी उलटली. नोकरी सुटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी कुठल्याही खोलीत शिरताना आईचा डावा कान कोणत्या बाजूला आहे ते मी आधी बघते. त्या कानाबद्दल आणि बिबवेवाडीच्या घरातल्या रविवारांबद्दल मी आजवर एक ओळ लिहिली नव्हती. लिहायला बसले तेव्हाही पहिले चार दिवस नुसतं मटणाच्या रश्श्याबद्दलच लिहीत होते.

तर रश्श्यापासूनच सुरुवात करते. आई वर्ध्याकडची. तिच्या हातचं मटण म्हणजे वर बोटभर तर्री आणि खाली खसखस, सुकं खोबरं, भाजलेला कांदा यांचा काळपट मसाला. रविवारी सकाळी पप्पा आंघोळ करून पांढरा सदरा घालायचे, भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायचे आणि आम्ही चौघं वंदनेला उभे राहायचो. पप्पा, आई, मी आणि माझी धाकटी बहीण वैशू. पप्पांचा आवाज खणखणीत होता. जीवहिंसा करणार नाही, हे पहिलं शील ते असं म्हणायचे की जिन्यातून जाणारा माणूसही थबकावा. वंदना संपली की आईचा मिक्सर सुरू व्हायचा, कुकर शिट्ट्या मारायचा, वैशू रेडिओ लावायची आणि दीडच्या ठोक्याला आम्ही जेवायला बसायचो. कॉम्प्युटर येण्याआधीचे रविवार असे होते. तेव्हाही पप्पांचा हात चालायचा, पण त्याला वार ठरलेला नव्हता.

पप्पा पिंपरीकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन होते. बंद पडलेलं मशीन नुसत्या आवाजावरून ओळखायचे, आणि ही बढाई नव्हती, लोक त्यांना घरी न्यायला यायचे. त्यांच्या खात्यात एक रीत होती. प्रत्येक मशीनला दोरीने एक जाड कार्ड बांधलेलं असायचं. त्यावर तारीख, केलेलं काम, बिघाडाचे कारण आणि सही असे रकाने. कारण लिहिल्याशिवाय कार्ड बंद करता येत नसे. 'माहीत नाही' असं लिहिलेलं कार्ड साहेब तोंडावर फेकतो, असं पप्पा सांगायचे. मग कारखान्यात नवी मशीनं आली, परदेशातून, कॉम्प्युटरवर चालणारी. त्यांच्याबरोबर चोवीस-पंचवीस वर्षांचा एक इंजिनिअर आला आणि त्याने सगळ्यांसमोर पप्पांना म्हटलं, "काका, याला पाना लागत नाही. तुम्ही जरा बाजूला उभे राहा." हे मला पुढे त्यांच्या एका सहकाऱ्याकडून कळलं. त्या दिवशी घरी फक्त एवढंच घडलं की आमटीत मीठ कमी पडलं म्हणून पप्पांनी पातेलं आईच्या पायावर ओतलं. दोन महिन्यांनी आमच्या घरी कॉम्प्युटर आला.

पप्पांनी त्यावर कधी एक पत्रसुद्धा टाइप केलं नाही. त्यांना त्याचा करण्यासारखा एकच उपयोग माहीत होता, तो म्हणजे मेंटेनन्स. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कारखान्यातलं कोरं कार्ड आणून मॉनिटरला सुतळीने बांधलं. दर रविवारी वंदनेनंतर ते कॉम्प्युटरचा डबा उघडायचे, सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवायचे, रंगाच्या ब्रशने पंख्याची पाती पुसायचे, डबा बंद करायचे आणि मग डीफ्रॅग लावायचे. हार्ड डिस्कवर एकाच फाइलचे तुकडे दहा ठिकाणी पडलेले असतात, ते गोळा करून ओळीने लावायचं काम म्हणजे डीफ्रॅग. त्याने मशीन पळायला लागतं. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून सरकायचे, डब्यातून कुरमुरे चावल्यासारखा आवाज यायचा आणि खाली टक्के वाढत जायचे. शंभर टक्के व्हायला तीन तास लागायचे, कधी चार. पप्पांना ते आवडायचं. स्टोअरमधले नटबोल्ट आपापल्या खणात जाताना बघावेत, तसे ते खुर्चीत बसून बघायचे. त्या यंत्रात स्वतःच्या हाताने केलेली अशी त्यांची एकच गोष्ट होती. कुणाकडून तरी शिकून त्यांनी एक स्क्रीनसेव्हर लावला होता. पाच मिनिटं मशीनला हात लागला नाही की पडदा काळा व्हायचा आणि त्यावरून पिवळ्या अक्षरांत त्यांचं नाव सरकत जायचं, डी. के. वाघमारे, फोरमन. कुणी आलं की ते मुद्दाम हात बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबायचे.

तिसऱ्या रविवारी पप्पा दाढी करून परत आले, माउस हलवला आणि टक्के शून्यावर आलेले दिसले. उठताना बेचाळीस झाले होते. पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात आईने मिक्सर लावला आणि ट्यूबलाइट क्षणभर मंद झाली. पप्पांनी ट्यूबकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. आत जाऊन त्यांनी मिक्सरचं भांडं उचलून भिंतीवर मारलं आणि आईला केसांना धरून बाहेर आणलं, पडद्यासमोर. "वाच. किती टक्के आहेत? वाच!" आईला ते वाचता येत होतं. ती "शून्य" म्हणाली आणि त्यांनी तिच्या तोंडावर मारलं. मग शांतपणे पेन घेऊन कार्डावर कारण लिहिलं, मिक्सर.

तिथून ते लागलंच. शंभर टक्के होईपर्यंत मिक्सर नाही, कुकर नाही, पंखा नाही, चप्पल घालून चालायचं नाही. आई पहाटेच मसाला वाटून ठेवायची आणि मटण चार वाजता व्हायचं. पप्पा स्वतः खुर्चीत बसून माउसशी चाळा करत असले की काम पार पडायचं. ते पेपर वाचायला किंवा आंघोळीला उठले की शून्य. "माझी पाठ वळायचा अवकाश," ते म्हणायचे, "की या घरात कुणीतरी काड्या करतं." आणि कारण तर लिहायलाच हवं. नळ. दार. खोकला. खोकला वैशूचा होता. तिला लहानपणापासून दमा होता, हिवाळ्यात तिची छाती वाजायची. त्या रविवारी तिने तोंडात ओढणी कोंबली होती तरी खोकला आलाच. पप्पांनी कारखान्यातून मशीनच्या तुटक्या रबरी पट्ट्याचा हातभर तुकडा आणला होता, बोटाएवढा जाड, कडेचे दोरे सुटलेला. तो कॉम्प्युटरच्या वर खिळ्याला टांगलेला असायचा, ब्रश आणि पंपाशेजारी. वैशूच्या पाठीवर त्याचे सात वळ उठले. मी मोजले, कारण हळद लावत होते. मध्ये पडले म्हणून मला दोन मिळाले, एक मनगटावर आणि एक कानशिलावर. आई मध्ये पडली तिचे कोण मोजणार.

एकदा पप्पा खालच्या मजल्यावरच्या आपटे काकांकडे गेले, रविवारी एक वाजेपर्यंत तुमचाही मिक्सर बंद ठेवा म्हणून सांगायला. मी जिन्यात उभी होते. आपटे काका दार अर्धंच उघडून म्हणाले, "अस्सं? आमच्या मिक्सरने तुमच्या कॉम्प्युटरची झोपमोड होते का वाघमारे? मग त्याला दुपारी झोपवत जा की. पुण्यात तशी पद्धत आहे." दार लागलं. पप्पा वर आले आणि आपटे काकांना जे द्यायचं ते आईला दिलं. आमच्या घरातले आवाज खाली ऐकू जातच असणार. मिक्सरचा जात होता ना? पण त्याबद्दल सांगायला आपटे काका कधी जिना चढून आले नाहीत.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि कोथरूडला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. पप्पांनीच घातलं होतं. तिथे शिकवायला देसाई मॅडम होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या. एका संध्याकाळी शिकवता शिकवता त्या म्हणाल्या, "आणि हो, डीफ्रॅग लावण्याआधी स्क्रीनसेव्हर बंद करा. नाहीतर तो मध्येच सुरू होतो, डिस्कवर काहीतरी लिहिलं जातं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून." भाजीत मीठ घाला म्हणावं तशा सुरात. मी हात वर केला. "मॅडम, मिक्सरने होतं का तसं?" "तुमच्या कॉम्प्युटरच्या आत मिक्सर आहे का?" मॅडम म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. खोकल्याचं मी विचारलंच नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वारगेटपर्यंत रडले, आणि ते दुःखाने नव्हतं, रागाने.

पप्पांना सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. त्यांना चुकलात म्हणणं हाच आमच्या घरात गुन्हा होता, आणि चूक निघत होती ती नेमकी त्यांच्या नावाच्या पाटीतली. म्हणून मी गुपचूप वागले. शनिवारी संध्याकाळी ते दूध आणायला गेले की मी स्क्रीनसेव्हर बंद करायचे आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा चालू. सहा रविवार टक्के न अडता शंभरावर गेले. पप्पांनी पेढे आणले. वंदनेचा आवाज आणखी चढला. आणि एके रविवारी जेवताना ते खिळ्यावरच्या पट्ट्याकडे बोट करून म्हणाले, "बघितलंत? सहा आठवडे एक बिघाड नाही. धाक बसला की माणसंही नीट चालतात आणि मशीनही." मी हातातला घास ताटात ठेवला. त्याहून वाईट पुढे झालं. भांडी घासताना आई मला हळूच म्हणाली, "माझंच चुकत होतं गं सुजाता. मी फार आदळआपट करत होते. आता बघ, ह्यांना काही बोलायला जागाच नाही." आईने पप्पांचं नाव कधी घेतलं नाही, ती पिढी घेतच नव्हती. 'हे' म्हणायची. त्या 'ह्यांना'मध्ये त्या दिवशी जो आदर होता, तो ऐकून माझं डोकं फिरलं.

मी ठरवलं की दाखवूनच द्यायचं. घरात कुणीच नसताना टक्के शून्यावर आले की पप्पांना कळेल, त्यात आईचा दोष नव्हता आणि वैशूचाही. कोथरूडच्या मावशीने बोलावलंय अशी थाप मारून मी रविवारी वंदना झाल्याबरोबर दोघींना बाहेर काढलं. स्क्रीनसेव्हर चालूच ठेवला. पप्पा म्हणाले, "जा, जा. घर शांत राहील." स्वारगेटला बस बदलताना आई थांबली. "ह्यांच्या जेवणाचं राहिलंच की. मटण फ्रीजमध्ये तसंच आहे. तुम्ही व्हा पुढे, मी रस्सा टाकते अन् येते." मी तिचा हात धरला. "राहू दे ना आई, एक दिवस पोळी-भाजी खातील." "काहून इतकी घाबरून राहिली? आवाज नाही करत मी." तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं असतं तर ती मला घरी नेऊन तो स्क्रीनसेव्हर बंद करायला लावणार हे मला माहीत होतं, आणि मला तर पप्पांची चूक पदरात घालायची होती. मी हात सोडला. बिबवेवाडीच्या बसमध्ये चढताना तिने मागे वळून पाहिलं, एवढं आठवतं.

वैशूला मावशीकडे सोडून मी तशीच परत फिरले. घरी पोचायला दोन तास गेले असतील. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात रस्सा जमिनीवर पसरला होता आणि त्याची तर्री ओट्याखाली वाहत गेली होती. आई भिंतीला टेकून बसली होती, पदर उजव्या कानावर दाबलेला, मानेवरून ओघळलेलं रक्त ब्लाउजमध्ये मुरलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी काय म्हणते ते तिला कळेना. बाहेर पप्पा खुर्चीत बसून कार्ड लिहीत होते. मी ते हिसकावलं. त्यावर दोन नोंदी होत्या. सकाळी घरात कुणी नसताना टक्के शून्यावर आले होते, त्यापुढे कारण होतं, आपटे, मिक्सर. दुसरी नोंद तासाभराने. कारण, पत्नी, कुकर. शाई अजून ओली होती.

मी खिळ्यावरचा पट्टा काढला आणि पप्पांना मारलं. मानेवर, खांद्यावर, हात वर केला तेव्हा त्या हातावर. किती वेळा ते मला सांगता येत नाही. माझे मोजायला कुणी नव्हतं. मी ओरडत होते, "स्क्रीनसेव्हर आहे तो! तुमचं नाव आहे! तुमच्या नावाने होतंय ते!" आणि मला बरं वाटत होतं. लपवण्यात अर्थ नाही, पोटभर जेवल्यासारखं बरं वाटत होतं. त्या दिवसापासून आजतागायत मला वंदनेत पहिलं शील मोठ्याने म्हणता आलेलं नाही. पप्पा सहज माझा हात पिरगाळू शकले असते. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती. इतका वेळ मशीनला कुणाचाच हात लागला नव्हता. पडदा काळा झाला होता आणि त्यावरून त्यांचं नाव सरकत होतं. मी माउस हलवला. शून्य टक्के.

पप्पा त्या आकड्याकडे बघत होते. मानेवरचा वळ लाल होऊन फुगत होता. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?" मी सांगितलं. "मग आधी का नाही सांगितलंस?"

मी टेबलावरचं त्यांचं पेन घेतलं, 'पत्नी, कुकर' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, स्क्रीनसेव्हर. एव्हाना आई उठून बाहेर आली होती. तिने माझ्या हातातून पट्टा काढून घेतला. "हा तुझ्या हातात नको," म्हणाली आणि तो गुंडाळून पिशवीत टाकला. आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. कानाचा पडदा फाटला होता, आतही इजा होती, आणि त्या कानाने पुन्हा ऐकू येईल याची आशा ठेवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं. तिथून मावशीकडे. बिबवेवाडीला आई परत गेली नाही. पप्पा दोनदा कोथरूडला येऊन बिल्डिंगखाली उभे राहिले. आईने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. त्या पट्ट्याचे तिने विळीवर चार तुकडे केले आणि मिक्सरच्या पायांखाली बसवले. मिक्सर तीनदा बदलला, तुकडे तेच आहेत.

पप्पा गेल्या वर्षी गेले. घर आवरायला मी एकटीच गेले होते. पुढच्या खोलीत तो कॉम्प्युटर जुन्या चादरीखाली झाकलेला होता, कित्येक वर्षं बंद, आणि सुतळीला ते कार्ड तसंच. शेवटची नोंद माझी होती. त्यापुढच्या रकान्यात पप्पांनी सही केली होती. कारण मान्य करून त्यांनी कार्ड बंद केलं होतं. मी ते पर्समध्ये घातलं आणि कितीतरी महिने आईला दाखवलं नाही.

मागच्या आठवड्यात दाखवलं. तिच्या डाव्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं. क्लास, ते सहा रविवार, मावशीकडची थाप, स्वारगेट. "तो स्क्रीनसेव्हर मीच चालू ठेवला होता, आई. तुझा कान माझ्यामुळे गेला."

आईने चष्मा लावून कार्ड वाचलं, वरपासून खालपर्यंत. मिक्सर, नळ, दार, खोकला. मग विचारलं, "अन् तू बंद ठेवत होतीस तेव्हा?"

"तेव्हा सहा आठवडे काहीच झालं नाही."

"रविवारी नाही झालं," आई म्हणाली. "बुधवारी भात करपला तेव्हा तू क्लासला होतीस. त्याच्या आधी एकदा सदऱ्याचं बटण होतं. तुम्हा पोरींना दिसेल असं मी दाखवत नव्हते."

तिने माझ्या अक्षरावर बोट ठेवलं.

"यंत्रातच शोधत बसलीस तूही, ह्यांच्यासारखी. कारण चुकीचं लिहिलंय. दे पेन."

मी पेन दिलं. तिने माझ्या शब्दावर सावकाश रेघ मारली, आणि उरलेल्या जागेत, जे नाव मी उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते लिहिलं, दिनकर कृष्णा वाघमारे. मग पेनाला टोपण लावून मला परत दिलं.